डिस्ने स्प्रिंग्जमध्ये झारा-युनिक्लो कशाला? तिथे कोणती दुकानं शोभतात?

टॅम्पाकर:
फ्लोरिडात वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्या आवारात डिस्ने स्प्रिंग्ज नावाची मोठी बाजारपेठ आहे. आत जायला तिकीट नाही, पार्किंग फुकट, तळ्याच्या काठाने सुमारे १२० एकरांवर दुकानं आणि खाण्याची ठिकाणं. देशातून आलेल्या आईवडिलांना पार्कमधल्या रांगा सोसत नाहीत, तेव्हा आम्ही टॅम्पा-ऑरलँडोकडची मंडळी त्यांना संध्याकाळी इथेच नेतो.

माझं म्हणणं सरळ आहे. जिथे वस्तू डोळ्यांसमोर घडते, किंवा जिथली वस्तू दुसरीकडे सहज मिळत नाही, अशाच दुकानांना इथे जागा द्यावी. २०१६ मध्ये टाउन सेंटर हा नवा भाग उघडला आणि झारा, युनिक्लो, सेफोरा, लुलुलेमन असे मोठे ब्रँड आले. झारा मुंबईत लोअर परळच्या पॅलेडियम मॉलमध्ये कधीचं आहे. युनिक्लो २०२३ मध्ये कुर्ल्याच्या फिनिक्समध्येही आलं. इतक्या लांबून आलेल्या पाहुण्यांना आपण परत तेच दाखवायचं?

याउलट इथलंच गनाशरी हे दुकान बघा, चॉकलेट तिथल्या तिथे बनतं. अमोरेट्समध्ये काचेपलीकडे केक सजवताना दिसतात. डिस्ने वर्ल्डमधल्या मॅजिक किंगडम या पार्कच्या मेन स्ट्रीटवर आरिबास बंधूंचं दुकान आहे, तिथे कारागीर ज्योतीवर काच वितळवून तिचा हंस करतो. हे भाऊ मूळचे स्पेनचे. न्यूयॉर्कच्या १९६४ च्या जागतिक मेळ्यात वॉल्ट डिस्नेंशी त्यांची गाठ पडली आणि १९६७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये त्यांनी दुकान थाटलं. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी फळं रंगवणाऱ्यासमोर आपण जसे थबकतो, तसे लोक तिथे थबकतात, आणि विकत घेऊनच निघतात.

आणखी एक. टाउन सेंटरची रचना एका कल्पित कथेवर बेतलेली आहे: १८५० च्या दशकात झऱ्याकाठी वसलेलं फ्लोरिडातलं गाव. पार्किंगच्या इमारतींची नावं ऑरेंज, लाइम, ग्रेपफ्रूट. मग त्या गावात फ्लोरिडाचा माल दर्शनी जागी नको का? टॅम्पाजवळच्या टार्पन स्प्रिंग्ज गावचे ग्रीक पाणबुडे पिढ्यान्‌पिढ्या समुद्रतळातून स्पंज काढतात. संत्र्याच्या मोहराचा मध आहे. अशा दुकानांना तळ्याकाठची पहिली रांग द्या, ब्रँड मागच्या गल्लीत जाऊ देत.

न्यूजर्सीची मावशी:
अजिबात सहमत नाही. तुम्ही दीड तासावर राहता, म्हणून तुम्हाला ती संध्याकाळची फेरी वाटते. आम्ही आठवडाभराच्या सुट्टीवर दोन मुलं आणि सासूबाईंना घेऊन येतो. दुपारी तीनला फ्लोरिडाचा पाऊस कोसळतो, सगळे चिंब होतात. तेव्हा काचेचा हंस काय करू? युनिक्लोत रास्त दरात कोरडे टी-शर्ट मिळाले, वर त्यांच्यावर मिकी छापलेला होता, त्यामुळे मुलंही खूश.

शिवाय या जागेचा जन्म आठवा. २२ मार्च १९७५ ला ती उघडली तेव्हा नाव होतं लेक बुएना व्हिस्टा शॉपिंग व्हिलेज. आसपास माणसं राहायला येतील, त्यांना एक बाजार हवा, ही मूळ कल्पना. तिथे गूर्मे पँट्री नावाचं वाणसामानाचं दुकान होतं! दूध, पाव, फळं मिळायची. मला विचाराल तर परत आणण्यासारखं दुकान तेच. हॉटेलात उतरलेला प्रत्येकजण पहिल्याच दिवशी टॅक्सी करून वॉलमार्ट किंवा पब्लिक्स गाठतो, दही-दूध आणि पाण्याच्या बाटल्या आणायला. ज्यांच्याबरोबर तान्हं मूल किंवा मधुमेही वडीलधारं माणूस आहे त्यांना विचारा, स्पंज हवा की साधी पोळीभाजी गरम करता येईल असं काही.

हिशेबनीस:
मावशींशी सहमत, पण माझं कारण वेगळं आहे. 'खास' दुकानांचा इतिहास बघितला तर भावनेच्या भरात जागा देणं महागात पडतं.

१९५५ मध्ये डिस्नेलँड उघडलं तेव्हा वॉल्ट डिस्नेंना पैशांची चणचण होती, म्हणून मेन स्ट्रीटची दुकानं बाहेरच्या कंपन्यांना भाड्याने दिली. त्यात हॉलीवूड-मॅक्सवेल कंपनीचं चक्क स्त्रियांच्या अंतर्वस्त्रांचं दुकान होतं. काही महिन्यांत बंद. अपजॉन कंपनीचं जुन्या धाटणीचं औषधालय होतं. तिथे औषधविक्री नव्हतीच, जीवनसत्त्वांच्या गोळ्यांच्या चिमुकल्या बाटल्या फुकट वाटत. बघायला सुंदर, पण ते चाललं कंपनीच्या जाहिरातीच्या पैशावर. डिस्नेलँडच्याच न्यू ऑर्लिन्स स्क्वेअरमधलं 'वन ऑफ अ काइंड' हे जुन्या, दुर्मीळ वस्तूंचं दुकान १९६६ ते १९९६ चाललं आणि संपलं.

स्प्रिंग्जमधलंच उदाहरण घ्या. गाण्यांच्या सीडींचं व्हर्जिन मेगास्टोअर २००९ मध्ये गेलं, कारण लोक सीडी घेईनासे झाले. त्या जागी बोलिंग आलं. गिऱ्हाईक बदलतं तसं दुकान बदलतं, हा व्यापाराचा नियम पार्कच्या दारात येऊन थांबत नाही. झारा भाडं भरू शकतं. मधवाला भरू शकेल का?

काचवेडी:
हिशेबनीस, तुमच्याच यादीवर बोलते. 'वन ऑफ अ काइंड' तीस वर्षं चाललं. तीस! कुठल्या मॉलमधलं दुकान तीस वर्षं टिकतं? त्याच चौकात अत्तराचं दुकान होतं, तिथे गिऱ्हाइकाच्या आवडीचं अत्तर मिसळून द्यायचे. आरिबासांची काच १९६७ पासून आजपर्यंत आहे.

आता मोठ्या नावांचं काय झालं ते पाहू. स्प्रिंग्जमधलं डिस्नेक्वेस्ट हे खेळांचं ठिकाण पाडून त्या जागी एनबीए एक्स्पीरियन्स आलं. बास्केटबॉलचं जगभर गाजलेलं नाव, दुमजली इमारत, सोबत दुकान. ऑगस्ट २०१९ मध्ये उघडलं, मार्च २०२० मध्ये साथीमुळे मिटलं आणि २०२१ मध्ये कायमचं बंद झाल्याचं जाहीर झालं. साथीने सगळ्यांनाच फटका दिला हे खरं, पण स्प्रिंग्जमधली बाकीची दुकानं परत उघडली, हे नाही उघडलं. नाव मोठं म्हणून दुकान टिकतं, हा हिशेब मला पटत नाही.

आणि गिडियन्सचं काय? ऑरलँडोच्या ईस्ट एंड मार्केटमधल्या छोट्याशा जागेतून सुरू झालेली बेकरी. जानेवारी २०२१ मध्ये, साथ चालू असताना, स्प्रिंग्जमध्ये उघडली. जवळजवळ पाव किलोची एक कुकी, आणि तिच्यासाठी लोक तासन्‌तास थांबतात. तिथे रांगेचा नंबर फोनवर येतो. स्थानिक माणसाचं एक-दोनच पदार्थांचं दुकान भाडं भरू शकतं, याचा याहून चांगला पुरावा कोणता?

ईबोरचा शेजारी:
टॅम्पाकर, स्पंज ठीक, पण टॅम्पातल्या आपल्या ईबोर सिटीला विसरलात? हाताने वळलेली सिगार ही या भागाची सगळ्यात जुनी कारागिरी. स्प्रिंग्जच्या वेस्ट साइडला सोसा कुटुंबाचं सिगारचं दुकान बरीच वर्षं होतं, कारागीर समोर बसून पानं वळायचा. 'डोळ्यांसमोर घडणारी वस्तू' हीच कसोटी असेल तर सिगारही त्यात बसते.

न्यूजर्सीची मावशी:
नाही. इथे मी ठाम आहे. मुलांच्या जागी तंबाखू नको, कितीही सुबक वळलेली असू दे. डिस्नेलँडच्या मेन स्ट्रीटवरही तंबाखूचं दुकान होतं, ते १९९० च्या सुमारास गेलं आणि बरं झालं. १ मे २०१९ पासून डिस्नेच्या फ्लोरिडातल्या थीम पार्कच्या आत धूम्रपान पूर्ण बंद आहे. पार्कमधून बाहेर आल्यावर तेच कौतुकाने विकायचं?

टॅम्पाकर:
सिगारवर मावशी बरोबर आहेत. कारागिरी ही माझी कसोटी आहे, पण दुकानात आजोबा आणि नात दोघांनाही जाता यावं ही तिच्या आधीची. मूल ज्या दारातून आत जाऊ शकत नाही ते दार इथे नको.

वाणसामानालाही माझा विरोध नाही. १९७५ ची पँट्री परत आणा, पार्किंगच्या जवळ आणा, म्हणजे पिशव्या घेऊन चालायला नको. माझं भांडण गरजेच्या दुकानांशी नाही, जे गरजेचंही नाही आणि खासही नाही त्यांच्याशी आहे. सेफोरातली लिपस्टिक पावसात भिजलेल्या मुलाच्या काय कामाची?

हिशेबनीस:
सेफोरामुळे स्थानिक बायका वर्षभर येतात. नुसत्या पर्यटकांच्या जिवावर सप्टेंबरचा मंदीचा महिना निघत नाही. टोकियो डिस्नेच्या दारातला इक्स्पियारी हा मॉल बघा. २००० पासून तो मैहामा स्टेशनला लागून आहे. पार्कला न जाणारे आसपासचे लोकही तिथे खरेदीला, जेवायला येतात, म्हणून तो गजबजलेला असतो.

गिडियन्सचा मुद्दा मान्य. पण ती खाण्याची गोष्ट आहे, लोक ती संपवतात आणि परत येतात. स्पंज एकदा घेतला की किती वर्षं पुरतो? आणि संत्र्याचं म्हणाल तर २००५ मध्ये फ्लोरिडात सिट्रस ग्रीनिंग हा रोग सापडल्यापासून बागाच उजाड होत चालल्या आहेत. मोहरच कमी, तर मध कुठून पुरवणार?

काचवेडी:
बागा उजाड होत आहेत म्हणूनच ते दुकान हवं! एका राज्याची ओळख असलेलं फळ हातातून निसटतंय आणि त्याचं नाव फक्त पार्किंगच्या इमारतीवर उरलंय, याचं मला खरंच वाईट वाटतं. मध थोडा असेल तर थोडा विका. बरणीवर बागेचं नाव लिहा, शेतकऱ्याला महिन्यातून एकदा तिथे उभा करा. भाड्याचा तोडगा मॉलवाल्यांना माहीत आहे. गर्दी खेचणाऱ्या मोठ्या दुकानाला ते भाड्यात सवलत देतातच. तीच सवलत चार छोट्या कारागिरांना द्या, तीन वर्षांच्या कराराने. नाही चाललं तर चौथ्या वर्षी नवा कारागीर येईल.

न्यूजर्सीची मावशी:
तीन वर्षांचा करार चालेल मला. फक्त त्यातला एक गाळा औषधाच्या दुकानाला. अपजॉनसारखं जुन्या लाकडी कपाटांचं, हवं तर काचेच्या बरण्या मांडलेलं, पण आत पॅरासिटामॉल आणि डायपर खरोखर विकत मिळणारं.