चिनीमाती तापली की वीज गळते
इंजिनात ठिणगी पाडणारे जुने स्पार्क प्लग त्यांच्यातली वीज अडवणारी चिनीमाती तडकून निकामी व्हायचे, असं म्हणतात. ते खरं आहे, पण अर्धंच. न तडकलेला प्लगही दगा द्यायचा. नेहमीच्या चिनीमातीत फेल्डस्पार नावाचं खनिज असतं. भट्टीत वितळून त्याची काच होते आणि ती काच तापली की वीज अडवायचं सोडून वाहून न्यायला लागते. टेबलावर थंड प्लग झकास ठिणगी देणार, तापलेल्या इंजिनात मात्र चुकणार. म्हणून पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स या सरकारी मोजमाप संस्थेने विमानांच्या प्लगसाठी नमुने तापवूनच मोजले: एक घन सेंटिमीटर मातीचा रोध किती तापमानाला १० लाख ओहमवर उतरतो? या एका आकड्यावर मातीची पारख व्हायची. इतकी सरळ कसोटी मला फार आवडते.

तडकण्याचं एक मोठं कारण चिनीमातीतला क्वार्ट्झ, म्हणजे गारेचं खनिज. ५७३ अंश सेल्सिअसला तो एकदम फुगतो. चॅम्पियन या प्लग बनवणाऱ्या कंपनीच्या जोसेफ जेफरींनी त्यावर उपाय म्हणून अँडालुसाइट हे खनिज आणलं. कॅलिफोर्नियातल्या व्हाइट माउंटन्सच्या खाणीतून ते खेचरांवर लादून खाली यायचं आणि भट्टीत त्याचं मुलाइट, म्हणजे उष्णता सोसणारं खनिज, व्हायचं.

मी स्वतः विजेच्या इन्सुलेटरच्या भट्टीवर काही वर्षं काढली आहेत. तिथे फोडलेला तुकडा लाल रंगात दाबाखाली ठेवायचो. बाहेर काढून पुन्हा फोडला आणि आत गुलाबी रेघ दिसली, की ती खेप कच्ची भाजली गेली. ती रेघ केसाएवढी असली तरी सगळा माल बाजूला.