प्रतिसाद: डीएनएमधले 'सॅटेलाइट'

वर विचारलंय की डीएनएच्या काही भागाला 'सॅटेलाइट' (उपग्रह) का म्हणतात, त्याचा फिरण्याशी काय संबंध? फिरण्याशी काहीच नाही, 'मुख्य गोष्टीच्या शेजारी राहणारा' हा अर्थ इथे आहे. खगोलशास्त्रज्ञ केप्लरने 1611 मध्ये गुरूच्या चंद्रांसाठी हा लॅटिन शब्द वापरला, तेव्हाही मूळ अर्थ सोबतचा रक्षक असाच होता.

उंदराच्या डीएनएचे तुकडे सीझियम क्लोराइडच्या द्रावणात घालून अतिवेगवान सेंट्रिफ्यूजमध्ये बराच वेळ फिरवले, की ते घनतेनुसार थर धरतात. मुख्य पट्टा साधारण 1.70 ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर घनतेला बसतो आणि 1.69 च्या आसपास एक छोटा पट्टा वेगळा उठून दिसतो. तोच सॅटेलाइट. त्यात त्याच त्या क्रमाची असंख्य आवर्तनं असतात आणि डीएनएच्या चार अक्षरांपैकी ए आणि टी यांच्या जोड्या जास्त, म्हणून तो हलका. ज्या आवर्तनांची घनता मुख्य डीएनएइतकीच असते ती मात्र मुख्य पट्ट्यातच लपून राहतात, हे लोक हमखास विसरतात.

मायक्रोसॅटेलाइट म्हणजे 1 ते 6 अक्षरांची आवर्तनं. ती वेगळा पट्टा देतात म्हणून नव्हे, नुसत्या साधर्म्याने हे नाव पडलं. पीसीआरमध्ये (डीएनएच्या प्रती काढण्याच्या पद्धतीत) प्रती काढणारं एन्झाइम त्यांच्यावर घसरतं, त्यामुळे तुकड्यांच्या लांबीच्या आलेखात खऱ्या शिखराआधी एका आवर्तनाने आखूड असं छोटं शिखर येतं. त्याला वेगळा अ‍ॅलील (म्हणजे त्या जागेचं वेगळं रूप) समजू नका.