मनीप्लांट आठ फूट लांब, पण कुंडीपाशी बोडका. छाटावाच लागेल का?

खिडकीपाशी:
शेजारच्या काकू घर बदलताना त्यांचा मनीप्लांट माझ्या हातात ठेवून गेल्या, त्याला दोन वर्षं झाली. खिडकीशेजारी छताच्या हुकाला टांगलाय. तीन वेल आहेत, सगळ्यात लांब आठ फूट. पण कुंडीपासून दीड फूट नुसत्या दोऱ्या, एक पान नाही. पूर्वी पानं तळहाताएवढी होती, आता टोकाची जेमतेम दोन बोटं रुंद. पिवळे शिंतोडेही गेले. महिनाभर बुडाकडची पानं पिवळी पडून गळतायत. एक दिवसाआड पाणी घालते, खतही घातलं. काकू फोनवर आधी वेलाची चौकशी करतात, मग माझी. कात्री लावायचा धीर होत नाही. न छाटता काही करता येईल का?

पेरापेरानं:
आधी खत आणि पाणी दोन्ही थांबवा. बोट दोन पेरं मातीत घाला; ओल लागली तर पाणी नाही, मग कितीही दिवस होवोत. माती सतत ओली राहिली की मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात आणि पानं पिवळी पडतात. कुंडी उपडी करून मुळं बघाच. पांढरी, टणक असतील तर ठीक. तपकिरी, लिबलिबीत असतील तेवढी कापून टाका.

बोडकेपणाचं कारण मला वेगळं वाटतं. कुंडी छताला आणि खिडकीची चौकट तिच्याखाली, म्हणजे उजेड लोंबणाऱ्या वेलांना मिळतो, कुंडीच्या तोंडाला नाही. तिथली जुनी पानं गळली, नवीन फुटलीच नाहीत. कमी उजेडात वेलाच्या दोन पेरांमधलं (पान फुटतं त्या सांध्यांमधलं) अंतर वाढतं, पान लहान होतं, शिंतोडेही जातात. कुंडी इतकी खाली आणा की तिच्या मातीवर खिडकीचा उजेड पडेल. फक्त दुपारचं थेट ऊन नको, पानं करपतात.

न छाटता हवं असेल तर एक वेल वर उचलून मातीवरच गोल फिरवा आणि पेरं केसांच्या पिनांनी दाबून ठेवा. पेरावर तपकिरी गाठ दिसते ना, तिथून मुळं मातीत उतरतात.

पण एक वेल तरी छाटा, असं मी मनापासून सांगेन. शेंड्यात तयार होणारं ऑक्सिन हे वाढीचं संप्रेरक खालच्या डोळ्यांना, म्हणजे पेरांवरच्या न फुटलेल्या कोंबांना, झोपवून ठेवतं. शेंडा गेला की ते जागे होतात. पेराच्या अर्धा इंच खाली कापा आणि कापलेला तुकडा पाण्यात ठेवा, पेर पाण्यात आणि पान बाहेर. मुळं दोनेक इंच झाली की त्याच कुंडीत लावा. फार काळ पाण्यात राहिलेली फांदी मातीत रुळायला वेळ घेते.

(हा मूळचा पॅसिफिक महासागरातल्या मोरेआ बेटाचा, झाडांवर चढणारा वेल. चढू दिला की पान मोठं होतं, लोंबत ठेवला की लहान. तळहाताएवढी पानं परत हवी असतील तर एखादा वेल काठीवर चढवा.)

मांजरवाली:
कुंडी खाली आणताना घरात मांजर, कुत्रा किंवा रांगतं मूल असेल तर जपा. पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, चावलं तर तोंडाची आग होते, लाळ गळते. माझ्या मांजरीनं एक पान कुरतडलं होतं, त्या रात्री मी झोपले नाही. छाटल्यावर हात धुवा, चिकानं खाज सुटते.

खिडकीपाशी:
पाच आठवड्यांनी सांगतेय. मुळं निम्मी तपकिरी निघाली, कापली. कुंडी आता स्टुलावर आहे. एक वेल पिनांनी मातीवर बसवला, एक छाटला, तिसऱ्याला हात लावला नाही. छाटलेल्या वेलाच्या दुसऱ्या डोळ्यातून फुटवा आलाय आणि त्याच्या पहिल्या पानावर पिवळा शिंतोडा आहे! फोटो काकूंना पाठवला. पिना कधी काढू?

पेरापेरानं:
वेल हलकेच ओढून बघा. पेर मातीला धरून असेल तर काढा, सुटत असेल तर अजून पंधरा दिवस राहू द्या.