पाइपचं पॉलिश उडालंय, लाख लावू की मेण? (मदत हवी आहे)

तंबाखू ओढायचा, ब्रायर लाकडाचा जुना पाइप आहे, रोज नाही पण वापरात आहे. काठावरची काजळी काढायला सर्जिकल स्पिरिट लावलेला बोळा फिरवला आणि तिथेच चुकलो. ओघळ बाहेरच्या अंगावर उतरला, तासाभरात तिथलं पॉलिश चिकट झालं, मग पांढुरकं. आता नखाएवढे तीन पोपडे निघालेत आणि खालचं लाकूड कोरडं, फिकट दिसतंय.

स्पिरिटने विरघळलं म्हणजे वरचा थर लाखेचा असावा, असा माझा अंदाज.

एका डागावर खोबरेल चोळून पाहिलं. रंग गडद झाला, चकाकी शून्य. दुसऱ्यावर ६०० नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवला, तर कडेला पायरी दिसायला लागली. ओळखीचे सुतार म्हणाले, मेलामाइन (लाकडावर मारायचं चकचकीत पॉलिश) मारून देतो. मी नको म्हटलं. तंबाखू जळते ती वाटी तापते, वर फोड आले तर?

नळी एबोनाइटची (कडक रबराची) आहे, ती काढून ठेवलीय. वाटीला चीर नाही, आतून जळालेलीही नाही. बफिंग मशीन नाही, फक्त हात आणि सुती कापड. डाव्या अंगावरचा कोरीव शिक्का आधीच पुसट आहे, तिथे पेपर लावायचा नाही.

जुना थर स्पिरिटने सगळाच उतरवावा, की डागांपुरतं जुळवता येईल? आणि मेणच लावायचं तर कार्नोबा (झाडाच्या पानांपासूनचं कडक मेण) ८० अंशांच्या पुढे वितळतं, मग ते मशीनशिवाय हाताने पातळ आणि एकसारखं कसं बसवायचं?