झोपलेल्या टायमरचा पहारा कर्नलने का करावा?

निफाडी_यंत्रज्ञ
दोन रात्री डोकं तापलंय, म्हणून धागा काढतोय. द्राक्षबागेत सोलरवर चालणारा एक गेटवे, म्हणजे नेटवर्क जोडणारा छोटा संगणक, आहे. चार कोअरचा आर्म प्रोसेसर, वर लिनक्स (कर्नल म्हणजे त्याचा गाभा). पावसाळ्यात बॅटरी पुरत नाही म्हणून सीपीयू-आयडलमधली (रिकाम्या कोअरला झोपवणारी कर्नलची यंत्रणा) सगळ्यात खोल झोपेची स्टेट चालू केली आणि मग गंमत सुरू झाली. एसएसएचवरून (दुरून जोडून) 'स्लीप १', म्हणजे एक सेकंद थांब, असं दिलं की प्रॉम्प्ट परतच येत नाही. एंटर दाबला की लगेच येतो. म्हणजे मी बोट लावेपर्यंत यंत्र ढिम्म!

कारण उघड आहे. कोअरची वीज काढली की त्याच्या पोटातला टायमरही जातो, मग गजर वाजवणार कोण? लिनक्सचं उत्तर म्हणजे ब्रॉडकास्ट. झोपण्याआधी कोअरने आपली पुढची वेळ एका न झोपणाऱ्या टायमरकडे सोपवायची. तो वाजला की ज्यांची ज्यांची वेळ झाली त्यांना आयपीआय (एका कोअरने दुसऱ्याला मारलेली हाक) पाठवून उठवायचं.

माझं मत: हा द्राविडी प्राणायाम कर्नलमध्ये नकोच होता. ज्या चिपचा टायमर खोल झोपेत मरतो, तिथे खोल झोप बंद, विषय संपला. इंटेलने पुढे एआरएटी, म्हणजे कायम चालणारा एपिक (कोअरच्या पोटातला) टायमर, दिलाच की! म्हणजे चूक हार्डवेअरची आणि भुर्दंड आपल्याला.

टिकटिक
असहमत. तुम्ही आजच्या चिपा बघून २००७ बद्दल बोलताय. त्या वर्षी लिनक्स २.६.२१ मध्ये थॉमस ग्लाइक्सनर आणि इंगो मोल्नार यांचं क्लॉक-इव्हेंट्स (टायमरांचा एकसारखा कारभार) आणि टिकलेसचं (रिकाम्या सीपीयूची ठरावीक टिक थांबवण्याचं) काम आलं. त्याआधी एचझेड, म्हणजे सेकंदाला किती टिका तो आकडा, १००० ठेवला तर रिकामा बसलेला सीपीयूसुद्धा सेकंदाला १००० वेळा उठायचा, नुसतं "काही काम आहे का?" विचारायला. टिक थांबवायची ती खोल झोपेत जाता यावं म्हणूनच. आणि तेव्हाच्या लॅपटॉपवर सी३ या खोल झोपेत गेलं की लोकल एपिक टायमर बंद! ब्रॉडकास्ट नसता तर टिकलेसचा अर्धा फायदा कागदावरच राहिला असता.

बरं, पहारेकरी तरी कसले मिळाले? पीआयटी हा पीसीतला जुना टायमर १६ बिटांचा, ११,९३,१८२ हर्ट्झवर चालणारा. म्हणजे ५५ मिलिसेकंदांच्या पुढचा गजरच लागत नाही. एचपीईटी हा नंतरचा टायमर असेल तिथे बरं चालायचं. एवढ्या सामानात ज्यांनी हे बसवलं त्यांना 'द्राविडी प्राणायाम' म्हणणं जरा जास्तच होतंय.

लॉकवाली
मी मोठ्या सर्व्हरांवर काम करते. निफाडींशी निम्मी सहमत. ब्रॉडकास्टची सगळी नोंद एकाच स्पिनलॉकखाली (एका वेळी एकालाच मिळणारं कुलूप) असते. झोपताना प्रत्येक कोअर तो घेणार, उठताना परत घेणार. कोअर वाढले की तिथे रेशनच्या दुकानासारखी रांग लागते. एआरएटी असलेल्या मशीनवर ही भानगडच नाही, हे सुख मी रोज उपभोगते.

पण "खोल झोप बंद" हा उपाय मात्र पटत नाही. बाकीचे कोअर गाढ झोपले तरच जागा असलेला कोअर टर्बोत (नेहमीपेक्षा जास्त वेगात) वर जाऊ शकतो. सगळ्यांना सी१ या हलक्या झोपेत चुळबुळत ठेवलं की वीजही जाते आणि वेगही. ज्या कामाला उशीर अजिबात चालत नाही, त्याने तेवढ्या वेळापुरती सीपीयू-डीएमए-लेटन्सीची (उठायला किती उशीर चालेल ते कर्नलला सांगणारी) फाइल उघडी धरावी. सगळ्या गावाला जागरण कशाला?

जुनं_खोड
निफाडी, तुमचा उपाय चालला असता तर बरंच झालं असतं, पण एएमडी चिपांमधली सी१ई ही झोप आठवा. कर्नल बिचारा साधं हॉल्ट (हलकी झोप) मागायचा. सगळे कोअर हॉल्टमध्ये गेले की हार्डवेअर परस्पर सी१ई मध्ये शिरायचं आणि लोकल एपिक टायमर बंद पडायचा. कर्नलने खोल झोप मागितलेलीच नव्हती, मग बंद काय करणार? शेवटी वाचवलं ते ब्रॉडकास्टनेच.

आणि "न झोपणारा टायमर" यावरही फार विसंबू नका. इंटेलची काही कॉफी लेक मशीन पीसी१० मध्ये (अख्ख्या चिपच्या खोल झोपेत) गेली की एचपीईटीच चुकीचा चालायचा. कर्नल त्याच्यावरून टीएससीची (सीपीयूतल्या घड्याळ-काउंटरची) तपासणी करायचा, त्यामुळे धडधाकट टीएससीवर 'बेभरवशाचा' शिक्का. चोर सोडून संन्याशाला फाशी! २०१९ मध्ये त्या मशीनवर एचपीईटीच बंद करून टाकला.

टिकटिक
निफाडी, मूळ मुद्दा राहिलाच. अडकलं असताना दुसऱ्या खिडकीत 'डेट' दिलंत का? आर्ममध्ये सिस्टिम काउंटर बाहेर असतो, तो चालूच राहतो. कोअरबरोबर जातो तो फक्त कंपॅरेटर. घड्याळ चालू, गजर बंद. वेळ बरोबर दिसत असेल तर डिव्हाइस ट्री (बोर्डावर काय काय आहे ते कर्नलला सांगणारी फाइल) उघडा आणि टायमरच्या नोडमध्ये (नोंदीत) 'ऑलवेज-ऑन' लिहिलंय का बघा.

निफाडी_यंत्रज्ञ
वेळ अगदी बरोबर होती. आणि हो, लिहिलंय! बोर्डाबरोबर आलेल्या फाइलमध्ये कुणीतरी ठोकून दिलंय. त्यामुळे कर्नलने या टायमरवर 'सी३-स्टॉप'ची (खोल झोपेत थांबतो, अशी) खूणच केली नाही. टायमर झोपत नाही म्हटल्यावर तो पहाऱ्याला माणूस कशाला लावेल?

ती ओळ काढली, 'स्लीप १' एका सेकंदात परत. पण टायमर-लिस्टमध्ये ब्रॉडकास्ट डिव्हाइस म्हणून 'बीसी-एचआरटायमर' दिसतोय आणि खोल स्टेटचे आकडे अपेक्षेपेक्षा कमी आहेत.

जुनं_खोड
दिसणारच. तो खरा टायमर नाही. बाहेरचा टायमर नसेल तेव्हाची ती तडजोड आहे, लिनक्स ३.१५ पासूनची. ज्याची वेळ सगळ्यात आधी येणार त्या कोअरला खोल झोपेची परवानगी नाकारायची आणि बाकीच्यांना तो उठवणार. तुमच्या बागेत रोज एका कोअरची कोजागिरी चालू आहे.

लॉकवाली
चिपमध्ये कोअरबाहेरचा टायमर बहुधा असेलच. त्याचा नोड 'डिसेबल्ड' ठेवलाय का ते बघा. तो चालू झाला की चौघंही झोपतील.

निफाडी_यंत्रज्ञ
आहे, आणि डिसेबल्डच आहे. आज रात्री चालू करून बघतो. ब्रॉडकास्टविषयीचे चार शब्द मागे घेतो. पण हार्डवेअरवाल्यांविषयीचा एकही नाही. टायमर सिलिकॉनमध्ये द्यायचा, फाइलमध्ये बंद ठेवायचा आणि जो झोपतो त्याच्यापुढे 'ऑलवेज-ऑन' लिहायचं, याला काय म्हणावं?

टिकटिक
तो नोड चालू केल्यावर इंटरप्टचा (टायमर सीपीयूला मारतो त्या हाकेचा) नंबर मॅन्युअलशी ताडून बघा. फाइल त्याच हाताने लिहिलेली आहे.