चवथीला घरच्या सर्वांनी मिळून पाहण्याजोगे चित्रपट सुचवावेत : मारधाडीपासून माहितीपटापर्यंत

फोंड्याची सून

सर्वांना नमस्कार. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, आमच्या मूळ घरी मुंबई-पुण्याचे नातेवाईक जमतात आणि रात्रीची आरती, भजन आटोपले की लहानथोर सगळे एकाच टीव्हीसमोर बसतात. काय लावावे यावर दर वर्षी असा काथ्याकूट होतो की शेवटी जुनेच काहीतरी तिसऱ्यांदा पाहिले जाते. सासऱ्यांना मारधाड हवी असते, सासूबाईंना उपशीर्षके वाचण्याचा मनस्वी कंटाळा आहे आणि जनसंवादाचे शिक्षण घेणारा भाचा माहितीपटाखाली काही बोलत नाही.

अलीकडे पाहिलेल्यांपैकी ‘आरआरआर’ सासऱ्यांना फार आवडला; मलाही मध्यंतराआधीचा, ट्रकमधून जनावरे बाहेर उसळतात तो प्रसंग आवडला, पण उत्तरार्ध लांबल्यासारखा वाटला. ‘वाळवी’ने सासूबाईंची करमणूक केली. आश्चर्य म्हणजे ‘द एलिफंट व्हिस्परर्स’ लावला तेव्हा तमिळ कळत नसतानाही त्या जागच्या हलल्या नाहीत. बोम्मन आणि बेळ्ळी हत्तीच्या पिल्लाला भरवतात, न्हाऊ घालतात, त्याला रागे भरतात, हे समजायला भाषा लागलीच नाही. तेव्हा माहितीपट आमच्या घरी अगदीच वर्ज्य आहे असे नाही. कृपया नुसती नावे न देता आपले मतही कळवावे.

मळ्यातला प्रेक्षक

ताई, मारधाडपट आणि माहितीपट हे दोन वेगळे रकाने मानू नयेत, असे मी सुचवेन. चित्रपट ज्या जागेत घडतो ती जागा दिग्दर्शकाला तळहातासारखी ठाऊक आहे की नाही, एवढेच मी हल्ली पाहतो आणि त्या कसोटीवर दोन्ही प्रकार सारखेच तपासता येतात.

सासऱ्यांसाठी निखिल नागेश भट यांचा ‘किल’ पाहावा. दिल्लीकडे धावणारी रेल्वेगाडी, त्यात दरोडेखोरांची टोळी आणि सुट्टीवरचा एक कमांडो, एवढीच कथा आहे. पण डब्यातील अरुंद वाट, वरचे बर्थ, पडदे, शौचालयाचे दार, दोन डब्यांमधला जोड या सगळ्याचा मारामारीत असा वापर केला आहे की कोण कुठे उभा आहे आणि कोणाला पळायला वाट उरलेली नाही, हे आपल्याला क्षणोक्षणी कळत राहते. हल्लीच्या बहुतेक मारधाडपटांत दर अर्ध्या सेकंदाला दृश्य कापून नेमके हेच लपवलेले असते. चित्रपटाचे नाव पडद्यावर जवळजवळ मध्यावर येते आणि तिथून नायकाची वागणूकच बदलते. दुसरी विशेष गोष्ट अशी की हे दरोडेखोर एकमेकांचे काका, पुतणे, भाऊ आहेत. प्रत्येक मरणानंतर ते रडतात, त्यामुळे नायकाच्या बाजूने टाळ्या वाजवताना मध्येच हात थांबतो. मात्र चित्रपट केवळ प्रौढांसाठी आहे आणि तो शिक्का सार्थ आहे. मुले झोपल्याशिवाय लावू नये.

भाच्यासाठी शौनक सेन यांचा ‘ऑल दॅट ब्रीद्स’ (२०२२) सुचवतो. दिल्लीत जखमी घारींवर उपचार करणाऱ्या दोन भावांची ही हकीकत आहे. घरचा धंदा साबणाच्या द्रवाची उपकरणे बनवण्याचा, आणि त्याच तळघरात खोक्यांमध्ये पंख बांधलेल्या घारी. सुरुवातीलाच कॅमेरा रात्रीच्या उकिरड्यावरून, उंदरांच्या पातळीवर, इतका सावकाश सरकतो की पहिली दोन मिनिटे आपण नेमके काय पाहत आहोत हेच उमगत नाही. त्यांचा तरुण सहायक रिक्षात बसल्या बसल्या शर्टाच्या खिशातून खार बाहेर काढतो, तो क्षण तर कोणत्याही लेखकाला सुचणार नाही. शहरातील दंगल आणि नागरिकत्व कायद्याचे पडसाद दुरून, भिंतीपलीकडून ऐकू येतात. त्यावर व्याख्यान झोडलेले नाही. संभाषण बरेचसे हिंदीत आहे, त्यामुळे सासूबाईंची अडचण होणार नाही.

आणि ज्या चित्रपटाने आपल्या गोव्याचा केवळ मागचा पडदा म्हणून उपयोग केला, त्याचे उदाहरण हवे असेल तर ‘सिंघम’ आहेच. करमणूक मी नाकारत नाही, त्यातला खलनायक जयकांत शिक्रे आजही तोंडपाठ आहे. पण तिथल्या गोव्याच्या जागी दुसरे कोणतेही किनाऱ्याचे गाव ठेवले असते तरी एक संवादही बदलावा लागला नसता.

म्हापशेकर

वरील मताशी मी पूर्णपणे सहमत नाही. दिवसभर पाहुण्यांची ऊठबस करून थकलेल्या माणसाला जागेचा अभ्यास नको असतो, त्याला गाडी हवेत उडालेली पाहायची असते. ‘सिंघम’ने आपले काम चोख केले आहे. ‘किल’ मला तासाभरानंतर एकसुरी वाटला, कारण नवे हत्यार आले तरी मारण्याची लय तीच राहते. चवथीच्या घरात इतके रक्त बरेही दिसत नाही.

फोंड्याची सून

म्हापशेकरबाब, रक्ताचा मुद्दा मान्य आहे. ‘किल’ विसर्जनानंतर, तेही सासरे आणि दिरांपुरताच लावू. मराठीत किंवा कोंकणीत, उपशीर्षकांची गरज न पडणारे काही आहे का?

डिचोलीकर मास्तर

आपल्या घरी भजन होते असे आपण लिहिले आहे, म्हणून चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ सुचवितो. शास्त्रीय गायनात आयुष्य घालवूनही हाती फार काही न लागलेल्या एका शिष्याची ही मराठी कथा आहे. रात्री रिकाम्या उड्डाणपुलावरून तो मोटरसायकलीने जात असतो आणि कानात एका दिवंगत गायिकेची ध्वनिमुद्रित व्याख्याने चालू असतात. ही दृश्ये मुद्दाम मंद गतीने घेतली आहेत. ज्यांना बैठकीची सवय आहे त्यांना ती जड जाणार नाहीत, इतरांनी उगाच बळजबरी करून घेऊ नये. यातील गुरूंची भूमिका अरुण द्रविड यांनी केली आहे. ते स्वतः गायक असून त्यांना मोगूबाई कुर्डीकर आणि किशोरी आमोणकर यांची तालीम लाभली. म्हणजे धागा फिरून मोगूबाईंच्या गावाला, आपल्या सांगे तालुक्यातील कुर्डीलाच येऊन पोहोचतो.

आणि कुर्डीचे नाव निघालेच आहे, तर सौम्यानंद साही यांचा ‘रिमेम्बरिंग कुर्डी’ हा माहितीपट मिळवून पाहावा. साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलेले ते गाव उन्हाळ्यात, पाणी ओसरल्यावर, काही आठवडे उघडे पडते. तिथून उठवून वाडे आणि वाळकिणी या गावांत वसवलेली माणसे तेव्हा परत येतात. चिखलाला भेगा पडलेल्या माळावर उभे राहून, इथे आमचे दार होते, इथे विहीर होती, असे बोटाने दाखवतात. बोटाच्या दिशेला काहीच नसते, तरी आपणही तिकडे पाहत राहतो. मळ्याच्या मित्रांनी ‘ऑल दॅट ब्रीद्स’ची शिफारस केली आहे, त्याच्या छायालेखकांमध्येही हेच साही आहेत, हे भाच्याला अवश्य सांगावे.

कोंकणीत ‘नाचों-इया कुंपासार’ (२०१४) घ्यावा. कोंकणी संगीतकार ख्रिस पेरी यांची गाणी आणि मुंबईच्या क्लबांत वाजवणाऱ्या गोंयकार वादकांची कथा. कथानक तसे ठरावीकच आहे, गाण्यांनी तारले आहे. लक्ष्मीकांत शेटगावकर यांचा ‘पलतडचो मुनिस’ त्याहून कितीतरी वरचा. सीमेवरच्या जंगलातील एक एकाकी वनरक्षक एका भ्रमिष्ट बाईला आसरा देतो आणि गाव खवळते, एवढ्या गोष्टीला २००९ साली टोरोंटो महोत्सवात समीक्षकांचा पुरस्कार मिळाला. मात्र सणाच्या रात्री तो जड वाटेल. नंतर निवांत पाहावा.

मळ्यातला प्रेक्षक

मास्तरांच्या यादीत ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’ जोडावा. पायल कपाडिया मूळच्या माहितीपटाच्या वाटेने आलेल्या, आणि ते या कथापटाच्या पहिल्या मिनिटापासून जाणवते. छाया कदम यांची पार्वती मराठी बोलते, पण कथेतील दोन मुख्य पात्रे असलेल्या परिचारिकांचे संवाद बहुतांश मल्याळममध्ये आहेत. सासूबाईंच्या शेजारी भाच्याला बसवावे आणि त्याने हळू आवाजात अर्थ सांगत जावा. रत्नागिरीकडचा उत्तरार्ध सुरू झाला की त्याला फारसे बोलावे लागणार नाही.

फोंड्याची सून

सर्वांचे आभार. पहिल्या रात्री ‘द डिसायपल’ लावून पाहते. सासरे उठून गेले तर म्हापशेकरबाबांचा ‘सिंघम’ हाताशी ठेवलेला आहे. ‘रिमेम्बरिंग कुर्डी’ नेमका कुठे पाहता येईल हे कोणास ठाऊक असल्यास कृपया इथेच लिहावे, कारण माझ्या सासूबाईंचे माहेर सांग्याचे आहे.