मदत हवी आहे: झुकिनी बोटाएवढी होते आणि पिवळी पडून गळते

गच्चीवाली
कुणीतरी लवकर सांगा. झुकिनीची रोपं झकास आहेत, पानं सुपाएवढी. पण फळं बोटाएवढी होतात, टोकाकडून पिवळी पडतात, मऊ होतात आणि गळतात. आतापर्यंत 9 गेली. सासूबाई रोज ऐकवतात, "दोडका लावला असतास तर चारदा भाजी झाली असती." शेणखत घातलंय, पाणी रोज देते. आणखी काय करायचं?

निपाणीकर_72
फळमाशी. डोळे झाकून सांगतो. तंबाखूची पूड रात्रभर पाण्यात भिजवा, गाळा, फवारा. निपाणीत राहून तंबाखूचा उपयोग सांगायचा नाही तर काय सांगायचं!

खानापूरचा_बाळू
काका, तुमचं औषध आधी आणि रोग नंतर. ताई, बी कधी लावलं? कुंडीत की जमिनीत? माती कसली? ऊन किती तास?

गच्चीवाली
नाव गच्चीवाली आहे, जमीन कुठून आणू? बेळगावात टिळकवाडीत राहते. 12 इंची पिशव्या, संक्रांतीच्या आधी आठवडाभर बी टोचलं. 8 पैकी 5 उगवली. ऊन सकाळपासून चारपर्यंत. पानांवर पांढरे डागपण आहेत, तेच कारण असेल का?

हौशी_माळी
भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी! आंबट ताक पाण्यात मिसळून फवारा, मी दरवर्षी करतो.

खानापूरचा_बाळू
बोट ओलं करून डाग पुसून बघा. पिठासारखा पुसला गेला तर भुरी. शिरांच्या कडेनं चंदेरी नक्षी असेल आणि पुसली जात नसेल तर ते त्या जातीचं पानच तसं आहे.

गच्चीवाली
पुसलं. जात नाही.

चुनावाले_आण्णा
कॅल्शियम कमी आहे. पानात खायचा चुना हरभऱ्याएवढा, तांब्याभर पाण्यात, दर आठवड्याला. टोमॅटोला मी हेच करतो.

खानापूरचा_बाळू
आण्णा, त्या दुखण्यात टोक काळपट होऊन खोल बसतं, चामड्यासारखं लागतं. तेही बहुतेक वेळा पाणी एक दिवस ढीगभर, दोन दिवस कोरडं असं झाल्यानं. इथं सगळं फळ पिवळं पडून आक्रसतंय.

चुनावाले_आण्णा
मी 20 वर्षं बाग करतोय, बाळू.

निपाणीकर_72
मी 30. फळमाशीच.

वडगावची_अक्का
भांडत बसलाय नुसतं. गळलेलं फळ चिरून बघितलंस का गं? अळ्या असल्या तर माशी.

गच्चीवाली
आत्ताच चिरलं, अक्का. अळी नाही. आत पांढरं, स्पंजासारखं. बियांच्या जागी काहीच भरलेलं नाही.

वडगावची_अक्का
मग फळ धरलंच नाही ते. फुलामागं बारकं फळ घेऊन येतंय ते मादी फूल. नुसत्या लांब बारीक देठावर येतंय ते नर. नर फुलं किती आहेत?

गच्चीवाली
ती वांझ फुलं? मी रोज खुडते, झाडाची ताकद फुकट जाऊ नये म्हणून. भजी सुंदर होतात.

वडगावची_अक्का
अगं बाई! बापालाच तळून खाऊलालीस, मग पोरं कुठून येणार?

खानापूरचा_बाळू
😂 आणि गच्चीवर मधमाश्या येतात का?

गच्चीवाली
माशी बसू नये म्हणून जुनी मच्छरदाणी टाकलीय की वरून.

खानापूरचा_बाळू
हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं, ताई. डास शिरत नाही तिथं मधमाशी काय शिरणार?

वडगावची_अक्का
सकाळी 7 च्या आत वर जा. ऊन चढलं की फुलं मिटतात, मिटलेलं मादी फूल उद्या परत उमलत नाही. ताजं नर फूल देठासकट तोड, पाकळ्या सोलून टाक, मधला पिवळा कोंब राहू दे. बोट लावलं की हळदीसारखी पूड लागली पाहिजे. तो कोंब मादी फुलाच्या मधल्या गड्ड्यावर सगळीकडनं हळू फिरव. एक नर दोन-तीन माद्यांना पुरतो. धरलं तर दोन-तीन दिवसांत फरक दिसतोय, आठवड्याच्या आत वीतभर होतंय. तेव्हाच काढ, कौतुकानं वाढवत बसू नकोस, मोठं झालं की बिया जून होतात आणि झाड नवी फळं देईना होतं.

निपाणीकर_72
वरून तंबाखू मारलीच तर बिघडत नाही.

खानापूरचा_बाळू
बिघडतं, काका. तंबाखूचं पाणी मधमाशीलाही मारतं. माशी आलीच तर सापळा लावतील.

रविवारपेठ_किराणा
याचं बी पुढच्या वर्षी धरता येतं का? आमच्याकडं वांग्याचं धरतात.

खानापूरचा_बाळू
पाकिटावर एफ 1, म्हणजे संकरित, लिहिलं असेल तर धरू नका, पुढच्या पिढीत काय निघेल सांगता येत नाही. वांग्याचा वेगळा धागा काढा.

चुनावाले_आण्णा
वांग्यालाही चुना चालतो.

गच्चीवाली
आज पावणेसातला वर गेले, मच्छरदाणी काढली. दोन मादी फुलं उमललेली, आत दव होतं. नर एकही नाही. कळ्या काल संध्याकाळीच तोडल्या होत्या, पाहुणे आले होते. शेजारच्या काकू वरून बघून म्हणाल्या, "सौतेकाई का गं?" म्हणजे कानडीत काकडी. मी हो म्हटलं. दुसऱ्या रोपावर उद्या उमलेल अशी एक लांब देठाची कळी आहे, तिला दोरा बांधून ठेवलाय, घरात कुणी हात लावू नये म्हणून.

हौशी_माळी
भजीत ओवा घातला होता का?